पैसे नकोत म्हणणारं दुकान

साधुसंतांनंतर समोर आलेले पैसे नाकारणारा एकच वर्ग जगात उरला आहे, तो म्हणजे ऑनलाइन दुकानदार. रस्त्यावरचा दुकानदार हे पाप कधी करत नाही. तो फाटकी नोट उजेडाला धरतो, कुरकुरतो, "दुसरी नाही का?" म्हणून विचारतो आणि शेवटी घेतो. सुट्टे नसतील तर दोन चॉकलेटं हातावर टेकवतो, ओळख असेल तर वहीत मांडून ठेवतो. मालाचे पैसे कोणत्या रूपात यावेत याबद्दल त्याची काही तात्त्विक भूमिका नसते. ऑनलाइन दुकानाची असते. हे दुकान तुम्हाला नावाने हाक मारतं, तुमच्या सणाला तुमच्या भाषेत शुभेच्छा देतं, तुम्ही नुसती बघून सोडलेली चप्पल पुढे पंधरा दिवस तुमच्या मागे हिंडवतं. जिभेवर साखर ठेवून ते तुम्हाला अखेरच्या पानापर्यंत आणतं, आणि तुम्ही खिशात हात घातलात की एकदम कोरड्या आवाजात विचारतं, "कार्ड आहे का?" नाही म्हटलं की संपलं. मग दुसऱ्या दिवसापासून पत्रं सुरू होतात: तुमची टोपली तुमची वाट पाहते आहे. टोपली वाट पाहत असेलही. दाराला कडी कोणी लावली, ते पत्रात नसतं.

या अखेरच्या पानावर एखाद्या प्रदेशात चालणाऱ्या मोबाइल वॉलेटचं बटण वाढवायचं ठरलं की कंपन्यांमध्ये त्याला 'इंटिग्रेशन' असं भारदस्त नाव मिळतं. त्यासाठी बैठका भरतात, तक्ते निघतात, 'पुढच्या तिमाहीत बघू' असं ठरतं. एका बटणासाठी एवढा घोर का, असं बाहेरच्याला वाटेल. माझ्या मते घोर बटणाचा नसतोच. आजवर 'आमच्या पद्धतीने पैसे द्या' म्हणणाऱ्या दुकानाने 'तुमच्या पद्धतीने द्या' असं म्हणायचं असतं, आणि ही साधीसुधी शरणागती असते. ती जितक्या लवकर पत्करावी तितका धंदा बरा होतो, आणि तिच्यात कमीपणा मुळीच नाही, हे या लेखाचं म्हणणं. साक्षीदार म्हणून केनियाला उभं करतो, कारण या खटल्यात त्याच्याइतका अनुभवी साक्षीदार दुसरा नाही.

केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा हे मोबाइल वॉलेट सुरू केलं. त्याची जन्मकथा विनोदी वाङ्मयात जमा करावी अशी आहे. ब्रिटिश सरकारच्या परदेशी मदत खात्याने पैसे दिले, व्होडाफोनने त्यात आपले घातले आणि २००५ साली एका सूक्ष्मकर्ज संस्थेच्या कर्जदारांवर प्रयोग सुरू झाला. हेतू अत्यंत सात्त्विक होता: गरीब कर्जदाराने आपला हप्ता मोबाइलवरून फेडावा. कर्जदारांनी हप्ते फेडलेही. पण हातात आलेली सोय फक्त कर्ज फेडायला वापरील इतका सद्गुणी माणूस अजून कुठल्याही खंडात जन्मलेला नाही. लोक त्यावरून एकमेकांना पैसे पाठवू लागले. प्रवासाला निघताना पैसे फोनमध्ये भरायचे आणि मुक्कामी पोचल्यावर काढायचे, म्हणजे वाटेतल्या चोराला फार तर फोन मिळेल, अशीही युक्ती कुणी तरी काढली. छोटे व्यापारी आपापसातली देणीघेणी त्यावर भागवू लागले. हा प्रयोग चालवणाऱ्या निक ह्यूज आणि सूझी लोनी यांचं मोठेपण असं, की त्यांनी लोकांना शिस्त लावण्याचा प्रयत्न केला नाही. कर्जफेडीची मूळ कल्पना गुपचूप कोपऱ्यात ठेवली गेली आणि देशभर जाहिरात झाली ती 'घरी पैसे पाठवा' अशी. म्हणजे पहिली शरणागती एम-पेसाच्या जन्मदात्यांनीच पत्करली. एरवी अशा योजनांचा शेवट चकचकीत अहवालात होतो. हिचा झाला नाही.

यातलं तंत्रज्ञान बघायला गेलं तर तरुण इंजिनिअर नाक मुरडतील. बटणांचा साधा फोन, सिमकार्डातच बसवलेली एक यादी, एक पिन आणि शेवटी येणारा एसएमएस. इंटरनेटची गरज नाही. रोख रक्कम भरायला आणि काढायला गल्लीतलं दुकान: कुठे किराणावाला, कुठे औषधवाला, कुठे शिंपी. या एजंटाने हिरवी पाटी लावायची, ओळखपत्र बघायचं, रेघा मारलेल्या वहीत रक्कम लिहायची आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायची. जगभरच्या परिषदांत जिचे गोडवे गायले जातात त्या डिजिटल क्रांतीच्या बुडाशी ही वही होती, हे परिषदांत फारसं सांगत नाहीत. आणखी गंमत म्हणजे २०१५ पर्यंत या सगळ्याचे सर्व्हर जर्मनीत होते. किसुमूच्या बाजारात कांदेवालीने शेजारच्या टोमॅटोवालीला शंभर शिलिंग दिले तर तो व्यवहार जर्मनीला जाऊन परत यायचा. दोघींना याचा पत्ता नव्हता आणि त्यांचं काही अडलंही नाही. त्यांना पत्ता होता तो कोपऱ्यावरच्या एजंटाचा. पैसे अडकले तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं एवढं माहीत असलं की माणूस कुठल्याही तंत्रज्ञानावर विश्वास ठेवतो.

आता यावर 'लोकांना नवीन काही तरी हवं होतं, ते मिळालं म्हणून घेतलं' असं कुणी म्हणेल. तसं असतं तर नैरोबीच्या मटाटू गाड्यांत कार्ड चाललं असतं. मटाटू म्हणजे तिथल्या खासगी मिनीबस. भडक रंगाच्या, कर्णकर्कश गाण्यांच्या, आणि वेळापत्रक या कल्पनेचा ज्यांना स्पर्श झालेला नाही अशा. या गाड्यांसाठी गुगलने इक्विटी बँकेच्या साथीने २०१३ मध्ये बेबापे नावाचं कार्ड आणलं. कार्ड यंत्राला टेकवायचं की भाडं कापलं जायचं. सरकारनेही १ जुलै २०१४ पासून रोख भाडं बंद असा हुकूम काढला. पाठीशी गुगल, बँक आणि सरकार. त्याहून वजनदार वशिला मिळणं अवघड. तरी लोक रोखच देत राहिले, कंडक्टर रोखच घेत राहिले, हुकूम हवेत राहिला आणि २०१५ मध्ये बेबापे गुंडाळलं गेलं. कंडक्टरला कार्ड का नको होतं हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही: कार्डाचे पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात आणि वाटेत कुणाच्याही चहापाण्याची सोय राहत नाही. पण त्याच कंडक्टरला प्रवासी फोनवरून एम-पेसा करतात तेव्हा तो आनंदाने घेतो. चर्चमधलं दान त्यावर जातं, लग्नाची वर्गणी आणि मयतीचा खर्च त्यावर गोळा होतो, आणि २०२३ पासून सरकारी सेवांच्या शुल्कासाठी सरकारनेच एक सामाईक 'पेबिल', म्हणजे पैसे भरण्याचा, क्रमांक ठरवून दिला आहे, २२२२२२. सगळे दोन, सरकारी कामात इतका लक्षात राहणारा आकडा क्वचितच निघतो.

अशा देशात परदेशी दुकान जातं आणि सोळा आकडी कार्ड क्रमांक मागतं. तिथल्या छोट्या विक्रेत्यांनी त्याची वाट पाहिली नाही. त्यांनी आपापलं इंटिग्रेशन आधीच करून टाकलं होतं, तेही एकाही प्रोग्रामरशिवाय. मालाच्या फोटोखाली आपला दुकान क्रमांक लिहायचा. गिऱ्हाइकाने पैसे पाठवायचे. त्याला आलेल्या एसएमएसमधला दहा अक्षरी कोड विक्रेत्याला कळवायचा. विक्रेत्याने, म्हणजे त्याच्या रिकाम्या भाच्याने, तो आपल्या फोनशी ताडून बघायचा. त्या कोडात इंग्रजी ओ कुठला आणि शून्य कुठलं यावर वाद व्हायचे, पण माल पोचायचा. महाराष्ट्रात दिवाळीचा फराळ, पैठण्या किंवा लोणची विकणाऱ्या ताईंची पद्धत याहून वेगळी नाही. क्यूआर कोडचा फोटो आणि खाली एक ओळ: 'पेमेंट करून स्क्रीनशॉट पाठवा, मगच ऑर्डर धरली जाईल.' या पद्धतीत एकच खोट, की काही कलाकार स्क्रीनशॉट घरच्या घरी तयार करू लागले. म्हणून मग दुकानादुकानांत गल्ल्याशेजारी बोलका डबा आला, जो रक्कम मोठ्याने जाहीर करून चारचौघांना साक्षीला घेतो. सांगायचा मुद्दा असा, की कंपनीने शेवटचं पान नीट बांधलं नाही तर लोक ते स्वतः बांधतात आणि कंपनीला त्यातून वगळतात.

सफारीकॉमने २०१७ मध्ये बाहेरच्या प्रोग्रामरांना सहज जोडता येईल असा मार्ग खुला केला आणि भाच्याची नोकरी गेली. आता ऑनलाइन दुकानाने गिऱ्हाइकाचा फक्त मोबाइल क्रमांक विचारायचा. बटण दाबलं की गिऱ्हाइकाच्या फोनवर आपोआप एक चौकट उघडते: अमुक दुकानाला इतके शिलिंग द्यायचे का? पिन टाका. पिन टाकला, एसएमएस आला, काम झालं. इथे थोडं थांबून कार्डाच्या तक्त्याकडे बघा, म्हणजे दोन संस्कृतींमधला फरक कळेल. कार्डाचा तक्ता म्हणतो: सोळा आकडे लिहा, कार्डाची मुदत कधी संपते ते लिहा, मागच्या बाजूचे तीन गुप्त आकडे लिहा आणि कार्डावर आहे तस्सं नाव लिहा. म्हणजे तिजोरीची किल्ली, तिचा आकार, ती कुठे टांगलेली असते आणि मालकाचं नाव, हे सगळं एका अनोळखी माणसाच्या कागदावर लिहून द्यायचं आणि त्याने फक्त ठरलेली रक्कमच काढावी अशी आशा करायची. ही पद्धत इतकी भाबडी होती, की रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये ऑनलाइन कार्डव्यवहारांवर आणखी एक पडताळणी सक्तीची केली. तेव्हापासून आपण ओटीपीची वाट बघत बसलेलो आहोत. केनियातल्या तक्त्याला हवा असतो तो फक्त फोन नंबर, जो लग्नपत्रिकेवर छापलेला असतो आणि रिक्षाच्या पाठीवर रंगवलेला असतो. गुपित जे काय आहे ते आपल्याच फोनवर, आपल्याच बोटांनी, आपल्याच सिमकार्डाच्या कानात सांगायचं. ज्याला जग 'गरिबांसाठी तात्पुरती सोय' म्हणतं, ती सभ्यतेच्या हिशेबात श्रीमंतांच्या सोयीपेक्षा एक पायरी वर आहे.

शिवाय त्यात एक अशी खुबी आहे, जिचं महत्त्व एकत्र कुटुंबात वाढलेल्यांनाच समजेल. तक्त्यात स्वतःचाच नंबर लिहिला पाहिजे अशी काही अट नसते. भाचीने घरी बसून पुस्तकं निवडायची आणि नंबर मामाचा लिहायचा. चौकट मामाच्या फोनवर उघडते. मामाला वाटलं तर तो पिन टाकतो, नाही तर फोन खिशात ठेवून मीटिंगमध्ये असल्याचं सांगतो. खरेदी एकाची आणि खिसा दुसऱ्याचा ही आपल्याकडची सनातन रीत. कार्डवाल्या पानाला ती आजतागायत कळलेली नाही, कारण कार्डावरचं नाव आणि खरेदीदाराचं नाव वेगळं निघालं की ते पान चोर पकडल्याच्या थाटात बघतं.

प्रोग्रामरच्या बाजूने मात्र हा प्रकार सोपा नाही, आणि त्याच्यावर अन्याय नको. कार्डाचं उत्तर बहुधा तिथल्या तिथे मिळतं. इथे मागणी पाठवायची आणि मग उत्तर येईपर्यंत पानावर एक चक्र फिरवत ठेवायचं. उत्तर आकड्यांत येतं. शून्य म्हणजे पैसे मिळाले. एक म्हणजे खात्यात तेवढे पैसे नाहीत. सगळ्या आकड्यांत हा सर्वात प्रामाणिक. २००१ म्हणजे पिन चुकला. १०३७ म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत पोचताच आलं नाही, किंवा पोचूनही उत्तर आलं नाही. आणि १०३२ म्हणजे वापरणाऱ्याने रद्द केलं. या १०३२ मध्ये किती संसार सामावलेले आहेत याची कल्पना संगणकाला नाही. बायकोने मागून वाचलं, किंमत पुन्हा एकदा नीट दिसली, शेजाऱ्याने तेच निम्म्या भावात मिळतं म्हणून सांगितलं, मामा चिडला; सगळ्यांची नोंद एकच. परदेशी प्रोग्रामरची पहिली ठेच तर त्याही आधीची असते. केनियातला माणूस जन्मापासून आपला नंबर शून्य-सातने सुरू करून सांगतो. यंत्रणेला तो दोनशे चोपन्नने सुरू झालेला, अधिकचं चिन्ह काढलेला हवा असतो. शून्य काढून दोनशे चोपन्न जोडणं हे संगणकाला निमिषाचं काम. पण कित्येक पानं ते काम न करता लाल अक्षरांत 'अवैध क्रमांक' असं लिहून मोकळी होतात, आणि पंधरा वर्षं ज्या नंबरावर आईचा फोन येतो तो अवैध कसा, या विचारात गिऱ्हाईक पान बंद करतं. दुसरी ठेच रकमेची. ही मागणी पूर्ण शिलिंगांतच पाठवावी लागते, अपूर्णांक चालत नाही. नऊशे नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव शतांश या किमतीने दुकानांनी जगाला वर्षानुवर्षं गंडवलं. एम-पेसापुढे तिला मुकाट्याने हजार व्हावं लागतं.

आणि तरीही हा सगळा त्रास दुकानाने सोसावा, असंच माझं म्हणणं आहे. कारण तो दुकानाने सोसला नाही तर गिऱ्हाइकाला सोसावा लागतो. त्याचा पुरावाही केनियातच आहे. २०२२ मध्ये सफारीकॉम आणि व्हिसा यांनी मिळून ग्लोबलपे नावाची सोय काढली. तिच्यात एम-पेसावाल्याला एक आभासी कार्ड मिळतं: सोळा आकडे, मुदत, तीन गुप्त अंक, सगळं यथासांग. खाली पैसे तेच, एम-पेसातलेच. फक्त परदेशी दुकानासमोर उभं राहताना त्यांनी कार्डाचा कोट चढवायचा. सोय उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. पण प्रसंगाकडे जरा लांबून बघा. कोट्यवधी माणसं रोज जी पद्धत सुखाने वापरतात, तिला वेषांतर करून दुकानात शिरावं लागतं, आणि वेषांतर ओळखू न आल्यामुळे दुकान स्वतःला सुरक्षित समजतं. त्याआधी २०१९ मध्ये चीनच्या अलीएक्सप्रेसने एम-पेसा थेट स्वीकारायचं ठरवलं होतं. अलीबाबाच्या घराण्याला ही अक्कल आधी यावी यात नवल नाही. त्यांचं स्वतःचं अलीपे २००४ मध्ये उभं राहिलं ते याच अडचणीतून: गिऱ्हाईक म्हणे आधी माल, विक्रेता म्हणे आधी पैसे, मग अलीपेने माल मिळेपर्यंत पैसे मध्येच धरून ठेवले. ज्याने एकदा गिऱ्हाइकाच्या संशयाचा मान राखलेला असतो, त्याला दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाची सवय समजावून सांगावी लागत नाही.

यावर हिशेबी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे: अशी बटणं किती लावायची? केनियाला एम-पेसा, बांगलादेशाला बिकाश, नेपाळला ईसेवा, फिलिपिन्सला जीकॅश. उद्या प्रत्येक देश उठेल आणि आपापलं वॉलेट पुढे करील. आक्षेप बरोबर आहे, फक्त त्यातला 'उद्या' चुकीचा आहे. आणि हे फक्त गरीब देशांचं खूळ आहे असं समजण्याचंही कारण नाही. नेदरलँड्समध्ये २००५ पासून लोक आयडीलने पैसे देतात, स्वीडनमध्ये २०१२ पासून स्विश आहे, पोलंडमध्ये २०१५ पासून ब्लिक. जर्मन माणूस तर आधी माल पाठवा, बिल जोडा, मग बघू, या मताचा. ही आपल्या वाण्याच्या वहीची शिकलेली आवृत्ती झाली, आणि तिथली दुकानं ती निमूटपणे मान्य करतात. तेव्हा प्रश्न स्थानिक विरुद्ध जागतिक असा नाहीच. कार्ड हीसुद्धा एक स्थानिक सवयच आहे, अमेरिकेची. ती बाकीच्यांच्या आधी परदेशी गेली इतकंच. राहिला प्रश्न बटणांच्या गर्दीचा. दुकानाला माझं शहर माहीत असतं, माझ्या फोनची बनावट माहीत असते, मी रात्री किती वाजता चपला बघतो तेही माहीत असतं. मग नैरोबीवाल्याला नैरोबीचं बटण आणि ढाक्याच्या माणसाला ढाक्याचं दाखवणं तेवढं त्याला अशक्य का व्हावं? शिवाय एकदा जोडणी केली की अनेक वॉलेटं एकदम देणारे मध्यस्थ आहेत. नैरोबीतलं पेसापाल २००९ पासून हा धंदा करतं आहे. त्यांचं कमिशन द्यावं लागतं, हे खरं. गिऱ्हाईक परत गेलं तर कमिशन वाचतं, हेही खरं.

दुसरा आक्षेप घरचा आहे, म्हणून जास्त बोचरा. एम-पेसा इतकं थोर, तर भारतात का नाही चाललं? व्होडाफोनने २०१३ मध्ये आयसीआयसीआय बँकेला सोबत घेऊन ते इथे आणलं होतं आणि २०१९ मध्ये आवरतं घेतलं. नाव तेच, केनियातल्या यशाची पुण्याई पाठीशी, तरी मुंबईत कुणी त्याच्या नावाने गळा काढला नाही. आता समजा, २०१४ सालच्या एखाद्या दुकानाने मोठ्या कष्टाने ते बटण लावलं असतं, तर पाच वर्षांत ते काढावं लागलं असतं. मग उगाच कशाला? पण हा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. नाव महत्त्वाचं असतं तर ते इथेही चाललं असतं. इथे लोकांचा पैसा बँकेत होता, फोन कंपन्या डझनभर होत्या, नियम बँकांना पुढे ठेवणारे होते, आणि ऑनलाइन खरेदीतली भीती फ्लिपकार्टने २०१० मध्ये वेगळ्याच मार्गाने घालवली होती: माल दारात येऊ दे, मग रोख द्या. म्हणजे वाण्याची रीत कुरिअरवाल्याच्या पाठीवर बसून घरी आली. पुढे एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि बँकेतला पैसा थेट फोनवरून हलू लागला, तेव्हा लोकांनी ते उचललं. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीनेही २०२१ मध्ये भारतीय गिऱ्हाइकासाठी यूपीआयवरून आपोआप वर्गणी घेण्याची सोय केली. तीही शरणागतीच, आणि तिने कंपनीचं काही वाईट झालेलं ऐकिवात नाही. यावरून उत्साहाच्या भरात 'मग केनियालाही यूपीआयच द्या' असं म्हणणारे लोक आपल्याकडे निघतात. ते आणि 'कार्ड आहे का' विचारणारं दुकान, हे एकाच जातीचे आहेत. बटण जन्मभरासाठी लावायचं नसतं. खिसा बदलला की बटण बदलायचं. पाटी रंगवून घेताना दुकानदार इतका विचार करत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र माझी विनोदबुद्धी थोडी नरमते. केनियातला मोबाइलवरचा बहुतेक पैसा एकाच कंपनीच्या हातातून जातो. तिचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. तिची यंत्रणा तासभर बंद पडली की बाजार, बस आणि दवाखाना तिघेही एकमेकांकडे बघत बसतात. दुकानाने तिचं बटण लावणं म्हणजे त्या मक्तेदारीला आणखी एक हार घालणं. दुसरं असं की कार्डाने फसवणूक झाली तर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागण्याची एक मुरलेली पद्धत आहे. वॉलेटातून एकदा गेलेले पैसे परत आणणं हे बरंचसं समोरच्याच्या मर्जीवर असतं, आणि समोरच्याची मर्जी पैसे हातात आल्यावर कशी होते ते सर्वांना ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्या मी खोडून काढणार नाही. फक्त एवढंच म्हणेन, की मक्तेदारी मोडणं हे तिथल्या सरकारचं आणि प्रतिस्पर्धी वॉलेटांचं काम. चपला विकणाऱ्याने तत्त्वासाठी चपला न विकल्याने ती मोडत नाही, गिऱ्हाईक अनवाणी राहतं. उलट एका वॉलेटाशेजारी प्रतिस्पर्धी एअरटेल मनीचंही बटण लावणं दुकानाच्या हातात असतं. आणि पैसे परत देण्याची सोय दुकानाने स्वतःच्या पानावर ठळक लिहावी, गिऱ्हाइकाने मागण्याआधी. ज्या दुकानाला तेवढं लिहिताना घाम फुटतो, त्याची अडचण वॉलेट नसून दुसरीच काही तरी आहे.

सगळं पटलं, बैठका झाल्या, जोडणी झाली, तरी शरणागती पूर्ण होतेच असं नाही. ती कितपत मनापासून पत्करली आहे ते बटणाच्या जागेवरून ओळखावं. केनियातल्या दुकानाच्या पानावर एम-पेसा सगळ्यात वर असतं, मोठं, हिरवं, आणि कार्ड खाली कुठे तरी पाहुण्यासाठी ठेवलेलं. परदेशी दुकानात वर कार्ड, त्याखाली दुसरं कार्ड, त्याखाली आणखी एका कार्डाचं चित्र, आणि सर्वांत तळाशी राखाडी अक्षरांत 'इतर पर्याय'. त्यावर बोट ठेवलं की एम-पेसा लगेच येत नाही. आधी विचारतात: आपला देश निवडा. अफगाणिस्तानपासून यादी सुरू होते. अल्बेनिया, अल्जीरिया, अंडोरा करत गिऱ्हाईक अंगठ्याने जग पालथं घालतं, कॅनडाला थबकतं, कझाकस्तानला घाई करून पुढे निघून जातं, पुन्हा मागे येतं; आणि त्याच पानावर, दोन बोटं वर, माल पोचवण्यासाठी त्याने भरलेला नैरोबीचा पत्ता इमारतीच्या नावासकट लिहिलेला असतो.